आधी ठिणग्या, मग पुरावा

माहितीपटांची मालिका काढायची आहे? छान. विषय सावकाश ठरवू. आधी लोगो दाखवा.

हा विनोद नाही, हल्लीची कामाची रीत आहे. संशोधक नेमायच्या आत 'ब्रँड बायबल' तयार असतं. मालिकेचा रंग कोणता, टंक कोणता, धूळ कुठून कुठे उडणार, सगळं त्यात ठरलेलं. मालिका नेमकं काय सांगणार, तेवढं पान कोरं.

अगदी कोरं नाही म्हणा. तिथे 'लवकरच' असं लिहिलेलं असतं. सुंदर अक्षरात.

सध्या हंगाम किल्ल्यांचा आहे. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. बातमी आली त्या संध्याकाळी अंधेरीतल्या किती ऑफिसांत 'फोर्ट्स' नावाचं फोल्डर उघडलं गेलं असेल, याची गणती युनेस्कोकडेही नसावी.

त्या फोल्डरात पहिली फाइल कोणती पडते? ठिणग्यांची.

त्याच त्या. केशरी, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून तिरक्या वर जाणाऱ्या. काळ्या पार्श्वभूमीवर तयार मिळतात. पैसे भरा, उतरवून घ्या. मग तटावर टाका, तलवारीवर टाका, तज्ज्ञाच्या चष्म्यावर टाका. जुलैत रायगडावर जाऊन आलेल्या माणसाला विचारा, तिथे काडी पेटत नाही. मालिकेत मात्र गड बारा महिने पेटलेला.

मग नाव येतं. 'धडाम' असा आवाज करत. अक्षरं धातूची, कडा सोनेरी, मधे चार ओरखडे. मालिका किल्ल्यांची असो, क्रिकेटची असो की बँक बुडवणाऱ्या भामट्याची, सगळी नावं एकाच लोहाराकडून घडवून आणल्यासारखी.

लोहाराचं नाव टेम्प्लेट.

हे टेम्प्लेट इंग्रजी अक्षरांसाठी बनलेलं असतं. तिकडे एक अक्षर आलं, दुसरं आलं, तिसरं आलं, झालं नाव. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून चालतात. त्यांना एकेक करून उडवत आणायचं म्हटलं की आधी रेषेचे तुकडे पडतात, मग जोडाक्षराची फारकत होऊन त्याला हलन्त लटकतो, आणि वेलांटी आपल्या सवडीने येते. पहिली वेलांटी संगणक व्यंजनानंतर साठवतो आणि दाखवताना आधी काढतो, हे टेम्प्लेटला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे 'किल्ला' पडद्यावर उतरताना अर्धा सेकंद 'कल्ला' असतो.

पार्श्वसंगीत ऐकलं की वाटतं, तेच नाव ठेवायला हवं होतं.

पुढे तज्ज्ञ सह्याद्रीच्या दऱ्यांविषयी बोलू लागतात. हिंदीच्या वळणाने काम करणाऱ्यांना मराठीतला तो अर्धा र ठाऊक नसतो. ते रफार देऊन मोकळे होतात. खाली ओळ उमटते: 'सह्याद्रीच्या दर्या'. परशुरामाने बाण मारून हटवलेला समुद्र एका रफाराने घाटमाथ्यावर आणून सोडला!

कुणाच्याच लक्षात येत नाही का? येतं की. पण तोवर रेंडर झालेलं असतं.

कमल शेडगे २०२० साली गेले. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेली नावं काळ्या शाईत, जागच्या जागी बसून असायची. उडत नव्हती, चमकत नव्हती. तरी नाटक हसवणार की हादरवणार, हे तिकीट काढायच्या आधी कळायचं. आता असा हात शोधायला निर्मात्याकडे पैसे नाहीत.

ठिणग्यांवर खर्च झाले.

अक्षरांपर्यंतचं सगळं हसून सोडून देता येईल. नकाशाचं तसं नाही.

आग्र्याहून सुटका, १६६६. महाराज आग्र्याहून निसटले आणि राजगडावर पोहोचले, इथपर्यंत वाद नाही. मधली वाट कोणती, किती दिवस लागले, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. कुणी मथुरा, प्रयाग, काशी असा वळसा सांगतो, कुणी सरळ दक्षिणेची वाट धरतो. मालिकेत हा प्रश्न काही सेकंदांत निकालात निघतो. जुनाट कागद, कडा जळलेल्या, आणि त्यावर एक लाल रेघ सरसरत निघते. कुठे अडखळत नाही, कुठे मुक्काम करत नाही. ऐन पावसाळ्यात नर्मदासुद्धा एका दमात पार.

औरंगजेबाच्या हेरांना जो माग लागला नाही, तो ग्राफिक्सवाल्यांना पहिल्याच बैठकीत सापडला.

तुटक रेघ काढता येत नाही का? येते. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय पहिल्यापासून आहे आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. दोन फिक्या रेघा काढून 'एक मत हे, दुसरं मत ते' एवढं सांगता येतं. उलट बघणारा जरा सावरून बसेल, कारण भांडण कुणाला आवडत नाही? पण बैठकीत म्हणतात, तुटक रेघ 'कॉन्फिडंट' दिसत नाही.

इतिहास कॉन्फिडंट नसला तर नसू दे. रेघ हवी.

रायगडाचं तर विचारूच नका. वरचे वाडे १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत गेले. उरली ती जोती. जोत्यावरून दालनाची लांबी-रुंदी कळते. छप्पर कसं होतं ते कळत नाही, कमान कुठे होती ते कळत नाही. मालिकेत कॅमेरा जोत्यावरून झुळकन फिरतो आणि दगडांतून भिंती उगवतात. भिंतींना सज्जे, सज्ज्यांना जाळ्या, जाळ्यांमागे रेशमी पडदे. पडदे वाऱ्यावर हलतात.

पडद्यांना पुरावा काय? वारा.

यावर उपाय कधीच सांगून झाला आहे. 'लंडन चार्टर' नावाचा एक मसुदा २००६ साली झाला, २००९ साली सुधारला गेला. वारशाची संगणकीय चित्रं कशी करावीत, यासाठीच तो आहे. त्याचं म्हणणं साधं: पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो, हे बघणाऱ्याला कळू द्या, आणि अंदाज कशावरून बांधला त्याची नोंद ठेवा. म्हणजे जोती ठसठशीत दाखवा, तर्काने उभ्या केलेल्या भिंती पारदर्शक ठेवा. इतकं सोपं.

अडचण एकच. पारदर्शक भिंतीला रेशमी पडदे शोभत नाहीत.

कुणी म्हणेल, किल्ल्यांच्या काळात कॅमेरा नव्हता, मग बिचाऱ्यांनी करायचं काय? ठीक. मग कॅमेरा होता तो काळ घेऊ.

स्थिर फोटोवरून कॅमेरा हळूहळू सरकवायची युक्ती कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या 'सिटी ऑफ गोल्ड'मध्ये १९५७ सालीच दिसते. केन बर्न्सने १९९०च्या 'द सिव्हिल वॉर'मध्ये तिचं सोनं केलं. त्याचा कॅमेरा सरकायचा तो काही तरी दाखवायला: गर्दीतला एक चेहरा, कोपऱ्यातलं एक प्रेत. मग २००३ साली ॲपलने आयमूव्हीमध्ये 'केन बर्न्स इफेक्ट' नावाची सोयच देऊन टाकली. तेव्हापासून कॅमेरा नुसताच सरकतो. लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवाच्या मुंजीच्या फोटोवर सरकतो, तोच स्वातंत्र्यलढ्यावरही सरकतो.

तेवढ्यानेही भागेना. २००२च्या 'द किड स्टेज इन द पिक्चर'नंतर फोटोतली माणसं कातरून वेगळी काढायची आणि मागच्या दृश्यापुढे तरंगत ठेवायची, ही टूम निघाली. एकदा जवळून बघाच. आजोबा खुर्चीसकट पुढे येतात, भिंत मागे सरकते. कानाच्या पाळीचा जरासा टवका उडालेला असतो, टोपीच्या कडेला पांढरी किनार राहिलेली असते. खरी गोम त्याच्याही पलीकडे आहे. आजोबा जागचे हलले, तर त्यांच्या पाठीमागे भोक पडायला हवं. तिथलं काहीच त्या फोटोत कधी आलेलं नव्हतं. तिथे आजोबा होते!

भोक दिसतं का? नाही. तिथे भिंत असते. डिझायनरने रंगवलेली.

आता तर रंगवायचीही गरज नाही. एआयला सांगितलं की दोन सेकंदांत भिंत तयार, हौसेने वर एक कॅलेंडरही टांगलेलं. त्यावर साल कोणतं?

एआयला वाटेल ते.

२०२४ साली नेटफ्लिक्सच्या 'व्हॉट जेनिफर डिड' या माहितीपटावरून गदारोळ झाला. कॅनडातल्या खऱ्या खुनाची गोष्ट, आणि आरोपीचे काही फोटो बघून लोक म्हणाले, हात विचित्र दिसतोय, दात विचित्र दिसताहेत, ही एआयची करणी आहे. कार्यकारी निर्मात्याचा खुलासा असा: फोटो तिचेच आणि खरेच, फोटो कुणी दिले ते कळू नये म्हणून फक्त मागची बाजू बदलली. पुढचं खरं, मागचं बदललेलं.

असा फोटो कोर्टात दाखल करून बघा. न्यायाधीश फोटोआधी तुमच्याकडे बघतील.

गुन्हेगारी मालिकांचा विषय निघालाच आहे तर तो फळाही घेऊ. बुचाचा फळा, त्यावर टाचण्या, टाचण्यांना लाल दोरा, दोऱ्याच्या टोकाला संशयिताचा फोटो आणि प्रश्नचिन्ह. आपल्याकडच्या कोणत्या पोलीस ठाण्यात पाहिलात हा? आपला तपास असतो स्टेशन डायरीत, पंचनाम्याच्या प्रतींत, नाडीने बांधलेल्या फायलीत, लाखेचं सील मारलेल्या मुद्देमालात. आणि एका लोखंडी कपाटात, ज्याची किल्ली साहेबांकडे आणि साहेब बंदोबस्तावर. हे सगळं दिसायला केवढं अस्सल आहे! पण ते टिपायला ठाण्यात जावं लागतं. मूडबोर्डवर अमेरिकन मालिकांची चित्रं आधीच चिकटवलेली असतात.

मूडबोर्ड हे हल्ली एकमेव घटनास्थळ आहे, जिथे सगळे जाऊन येतात.

तज्ज्ञाच्या नावाची पट्टी हा आणखी एक सोहळा. आधी एक रेघ येते, रेघेतून चौकट उघडते, चौकटीवरून उजेड फिरतो, मग नाव उमटतं. आपण वाचायला घेतो तेव्हा सगळं उलट्या क्रमाने मिटायला लागलेलं असतं. हाती लागतं ते फक्त 'अभ्यासक'.

कशाचे? पट्टी गेली.

नुसतीच नावं ठेवतोय असं नको. सजावट आणि मजकूर एकमेकांना ओळखत होते, असेही दिवस होते. १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली. ५३ भाग. सुरुवातीला नासदीय सूक्त, वसंत देवांच्या हिंदीत, वनराज भाटियांच्या संगीतात. ऋग्वेदातलं हे सूक्त विचारतं की सृष्टी आली कुठून, आणि शेवटी म्हणतं की वर बसून बघणाऱ्यालाही ते माहीत असेल, किंवा नसेलही. हजारो वर्षांचा इतिहास सांगायला निघालेली मालिका दर आठवड्याला शंकेने सुरू व्हायची. आज ब्रँडिंगच्या बैठकीत ही कल्पना मांडून बघा.

'जरा निगेटिव्ह वाटतंय.'

ब्रिटिशांची 'द वर्ल्ड ॲट वॉर', १९७३, २६ भाग. तिच्या शीर्षकातही आग आहेच. जुने फोटो, त्यांतले चेहरे ज्वाळांत विरत जातात. पण त्या आगीनंतर पडद्यावर कोण यायचं? हिटलरची सेक्रेटरी ट्राउडल युंगे. हिटलरचा मंत्री अल्बर्ट श्पेअर. स्वतः, समोर बसून बोलायला.

आपल्याकडे ठिणग्यांनंतर ड्रोन येतो.

दूरदर्शनचं चिन्ह आठवा. एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या देबाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढलेलं. दोन वळणं, मधे डोळा. गोल फिरत जागेवर यायचं, सोबत रविशंकरांची धून. २०२४ साली डीडी न्यूजने आपल्या चिन्हाचा लाल रंग बदलून केशरी केला, तर देशभर वाद पेटला. तुमच्या मालिकेच्या लोगोचा रंग उद्या बदलला तर कोण भांडेल?

ज्याचं बिल थकलंय तो.

आणि ते पिच डेक! साठ पानी, चकचकीत, प्रत्येक पानावर धुकं. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून परत आले तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता, पैसेवाल्याला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि रोप वाढताना महिनाभर रोज थोडं थोडं टिपलं. 'अंकुराची वाढ'. पडद्यावर मातीतून कोंब सरसर वर आला आणि भांडवल उभं राहिलं. विषय खरा, हालचाल खरी, आणि चित्र हलवायचं कारणही खरं: डोळ्यांना एरवी जे दिसत नाही ते दाखवायचं होतं. मोशन ग्राफिक्सचा याहून चांगला धडा कुठे मिळायचा?

आज फाळके तेच घेऊन गेले असते, तर उत्तर आलं असतं: 'वाटाणा मस्त आहे. मागे ठिणग्या टाकता येतील का?'

बरं, हा सगळा आटापिटा कुणासाठी? १९५५ साली सॉल बासने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'ची शीर्षकं केली तेव्हा फिल्मच्या डब्यांसोबत चिठ्ठी गेली होती, की शीर्षकं सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा. कारण तोवर थिएटरवाले नावं मिटलेल्या पडद्यावरच उरकून टाकत. बासमुळे पडदा उघडला. २०१७ साली नेटफ्लिक्सने 'स्किप इंट्रो'चं बटण आणलं आणि पुन्हा मिटला. २०२२ साली नेटफ्लिक्सनेच आकडा दिला: हे बटण दिवसाला १३.६ कोटी वेळा दाबलं जातं, आणि त्यातून प्रेक्षकांची एका दिवसात मिळून १९५ वर्षं वाचतात.

दिवसाला १९५ वर्षं! एवढ्या वेळात एखाद्याने गॅझेटिअर तरी वाचलं असतं.

अर्थात या शोधाचं श्रेय नेटफ्लिक्सने घेऊ नये. फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं सिनेमाच्या आधी सक्तीने दाखवली जायची, तेव्हा आपल्याकडचा प्रेक्षक बाहेर विडी ओढत उभा असायचा. बटण तेव्हाही होतं. ते दाबायला बाल्कनीच्या पायऱ्या उतराव्या लागायच्या, इतकंच.

श्रेयाचं निघालंच आहे तर शेवटची नामावली बघा. तशी बघू देत नाहीत. पाच सेकंदांत पुढचा भाग सुरू होतो आणि नावं कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकटीत धावत सुटतात. तरी एकदा थांबवून वाचा. मोशन ग्राफिक्सचा चमू, त्याचे प्रमुख, प्रमुखांचे सहायक, कंपोझिटर, रोटो करणारी पोरं. पोरांवर राग नाही. रात्र रात्र जागून ती आजोबांचे कान कातरतात, आणि 'बजेट टाइट आहे' हे वाक्य सगळ्यात आधी त्यांनाच ऐकवलं जातं. मग ब्रँड स्ट्रॅटेजी. मग सोशल मीडिया. मग खानपान.

संशोधन? एक नाव. तेही 'विशेष आभार'मध्ये, तालुक्याच्या गावच्या एका निवृत्त मास्तरांचं. तीस वर्षं गड पायी फिरून त्यांनी वह्या भरल्या, त्या यांनी फोटो काढून नेल्या. मास्तरांच्या आडनावात मराठीतला तो अर्धा र आहे.

म्हणजे, होता.